होल्डर गंजला की अर्थिंग गेलं? जुन्या गाड्यांच्या मागच्या दिव्यांविषयी प्रश्नोत्तरे

पावसाळा तोंडावर आला की जुन्या गाड्या राखणाऱ्यांचे प्रश्न मागच्या दिव्यांवर येऊन ठेपतात. प्रीमियर पद्मिनी असो, अँबेसेडर असो की स्टँडर्ड हेराल्ड, गोंधळ एकच असतो. दिवा मंद झाला, काच उघडली, होल्डर (बल्ब बसतो ती वाटी) गंजलेला दिसला, म्हणून नवा बसवला, आणि तरी दिवा मंदच. या वेळी आलेले प्रश्न एकत्र घेतले आहेत. ज्यांच्या प्रश्नाला दोन-चार ओळींतच उत्तर मिळालं आहे त्यांनी रागावू नये. तिथे सांगण्यासारखं तेवढंच होतं.

प्रश्न : १९७८ ची पद्मिनी आहे. मागच्या दोन्ही होल्डरांत हिरवट-पांढरी भुकटी जमली आहे. घासून चालेल का, की होल्डर बदलावाच लागेल? (पुणे)

भुकटीच्या रंगावरून बरंच कळतं. हिरवट थर हा तांब्या-पितळेचा, पांढरी भुकटी जस्ताच्या मुलाम्याची. हे दोन्ही वरवरचं असेल तर होल्डर साफ करून वापरता येतो. लाल गंज लागून पत्र्याला खड्डे पडले असतील तर तो काढून टाका. पितळी होल्डरमध्ये आणखी एक खूण शोधा. घासल्यावर पितळ पिवळं न दिसता गुलाबी-तांबूस दिसत असेल, तर त्यातलं जस्त निघून गेलं आहे. असं पितळ शाबूत दिसतं, पण बल्ब फिरवताना खाचेच्या कडेला मोडतं.

मग आतली तपकिरी चकती पाहा. ही हायलमची, म्हणजे वीज न वाहणाऱ्या कडक दाबीव पत्र्याची असते, तिच्यावर बल्बला करंट देणाऱ्या दोन टिकल्या असतात आणि मागे स्प्रिंग. बॅटरी सोडवलेली असताना कोरड्या लाकडी काडीने चकती दाबा. ती सरळ आत जाऊन लगेच उसळून वर आली पाहिजे. तिरकी होऊन अडकत असेल किंवा दाबल्यावर आतच राहत असेल, तर उष्णतेने स्प्रिंगचा ताव गेला आहे. त्यावर घासण्याचा काहीही उपयोग नाही. चकतीच्या दोन टिकल्यांच्या मधे काळी रेघ उमटली असेल तर हायलमने ओल धरली आहे आणि एका टिकलीचा करंट दुसरीत झिरपतो आहे. टेल लाइट लावल्यावर ब्रेकचा फिलामेंट उगाच मिणमिणतो तो यामुळेही. अशी चकती बदलावीच लागते.

साफ करायचाच असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर, नायलॉनचा किंवा पितळी तारांचा लहान ब्रश, आणि पेन्सिलभर जाडीच्या काडीला गुंडाळलेला ४०० नंबरचा पॉलिश पेपर एवढं पुरे. मुलामा खरवडून काढू नका, तो गेला की पुढच्या पावसाळ्यात गंज दुप्पट वेगाने येतो. शेवटी डायइलेक्ट्रिक, म्हणजे वीज न वाहणाऱ्या ग्रीसचा पातळ हात. निर्णय होत नसेल तर होल्डर गाडीवरच ठेवून ऑटो इलेक्ट्रिशियनला दाखवा. काढून नेलेल्या होल्डरकडे पाहून त्याला अर्धीच गोष्ट कळते.

प्रश्न : चिंचेच्या कोळाने किंवा लिंबू-मिठाने होल्डर लख्ख होतो असं ऐकलं. करून पाहू का? (सातारा)

नको. तांब्याचा तांब्या धुऊन कोरडा करता येतो, चकतीखालची फट येत नाही. तिथे राहिलेलं आम्ल आणि मीठ महिन्याभरात स्प्रिंग खातात. शीतपेय ओतण्याच्या सल्ल्यालाही हेच उत्तर.

प्रश्न : दोन्ही होल्डर नवे, बल्ब नवे. तरी रात्री टेल लाइट चालू असताना ब्रेक दाबला की डावीकडचा दिवा उजळण्याऐवजी विझतो. डावा इंडिकेटर लावला की ब्रेक लाइटही बारीक लुकलुकतो. वायरमन पूर्ण वायरिंग बदलायला सांगतो आहे. (चिपळूण)

पूर्ण वायरिंग बदलण्याआधी थांबा. तुम्ही लिहिलेली लक्षणं अर्थिंग गेल्याची, म्हणजे पत्र्यातून बॅटरीकडे करंट परत जायची वाट तुटल्याची आहेत, आणि ती इतकी नेमकी आहेत की दुसरं काही शोधण्याआधी तेच तपासायला हवं. या प्रश्नाला सविस्तर उत्तर देतो, कारण आलेल्या तक्रारींपैकी निम्म्याअधिकांचं मूळ इथेच असावं.

मागच्या दिव्यातल्या दुहेरी बल्बमध्ये दोन फिलामेंट असतात, टेलचा ५ वॅटचा आणि ब्रेकचा २१ वॅटचा. दोघांना करंट वेगवेगळ्या टिकलीतून मिळतो, पण परतीची वाट एकच: बल्बची पितळी टोपी, तिथून होल्डर, होल्डरमधून दिव्याची बैठक, बैठकीतून गाडीचा पत्रा आणि पत्र्यातून बॅटरी. ही वाट तुटली तरी करंट गप्प बसत नाही. तो दुसरी वाट शोधतो. फक्त टेल लाइट लावलेला असताना तो ५ वॅटच्या फिलामेंटमधून टोपीत येतो, तिथून उलट्या दिशेने २१ वॅटच्या फिलामेंटमधून ब्रेकच्या वायरीत शिरतो, आणि ती वायर धरून उजवीकडच्या दिव्यात जाऊन तिथल्या अर्थिंगला मिळतो. २१ वॅटच्या फिलामेंटचा अडथळा कमी असल्यामुळे ५ वॅटचा फिलामेंट जवळजवळ नेहमीसारखाच पेटतो. बघणाऱ्याला सगळं ठीक वाटतं.

आता ब्रेक दाबा. ब्रेकच्या वायरीत १२ व्होल्ट आले, टेलच्या वायरीत १२ व्होल्ट आहेतच. दोन्ही टोकांना सारखाच दाब, बाहेर जायला वाट नाही, त्यामुळे दोन्ही फिलामेंट अंधारात. म्हणजे कुंभार्ली घाटात मागचा ट्रक तुमच्या दिव्याकडे बघत असताना, तुम्ही ब्रेक मारल्याच्या नेमक्या क्षणी तो दिवा विझतो. हा दोष मला मंद दिव्यापेक्षा कितीतरी भयानक वाटतो, कारण अंगणात उभ्या गाडीवर एकेक दिवा लावून तपासणाऱ्याला तो कधीच सापडत नाही. मागचे दिवे तपासायचे ते टेल, ब्रेक आणि इंडिकेटर एकाच वेळी चालू करून. एक माणूस आत, एक मागे. एकट्याने करायचं असेल तर गाडी भिंतीला पाठ करून लावा आणि आरशात पाहा.

अर्थिंग का जातं? या गाड्यांत दिव्याच्या बैठकीला बहुधा स्वतंत्र अर्थ वायर नसते. बैठक आणि बॉडीच्या मधे रबराचं पॅकिंग असतं आणि करंट परत जातो तो फक्त दोन-तीन स्क्रूंच्या आट्यांतून. त्या आट्यांत पाणी शिरलं, गंज धरला की संपलं. दुसरं कारण रंगकाम. डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजमध्ये सगळे दिवे उतरवतात, स्क्रूच्या भोकांतही छान प्रायमर आणि रंग बसतो, आणि रंग ही उत्तम विद्युतरोधक वस्तू आहे. गाडी रंगवून आणल्यावर मागचे दिवे वेडेवाकडे वागू लागले, असं कोणी सांगितलं की होल्डरकडे बघण्याआधी स्क्रूची भोकं बघा.

तपासायचं कसं, तर मल्टीमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. काळी टोचणी बॅटरीच्या निगेटिव्हला लावा, त्यासाठी पाचेक मीटर जादा वायर लागेल. टेल, ब्रेक, इंडिकेटर चालू ठेवून लाल टोचणी होल्डरच्या पितळी अंगाला टेकवा. आकडा ०.१ ते ०.२ व्होल्टपर्यंत असेल तर अर्थिंग चांगलं. ०.५ च्या वर गेला तर दुरुस्ती हवी. मग टोचणी एकेक पायरी पुढे न्या: होल्डर, बैठक, स्क्रूचं डोकं, शेजारचा खरवडलेला पत्रा. ज्या दोन पायऱ्यांमधे आकडा एकदम पडतो, दोष त्याच जोडात आहे. एवढ्यावर वायरमनला पूर्ण वायरिंगऐवजी एक स्क्रू दाखवता येईल.

ओहमचा पट्टा वापरून ‘बीप वाजली म्हणजे अर्थिंग आहे’ असं मानणं ही मोठी फसगत आहे. मीटर त्या जोडातून अगदी नगण्य करंट पाठवतं, आणि तेवढा करंट एका बारीक तंतूतूनही जातो. प्रत्यक्षात एका बाजूचे टेल, ब्रेक आणि इंडिकेटर मिळून ४७ वॅट होतात, म्हणजे जवळपास ४ अँपिअर. जोडात केवळ अर्ध्या ओहमचा अडथळा असला तरी दीड-पावणेदोन व्होल्ट तिथेच खर्ची पडतात. फिलामेंटचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात कमी होत नाही, त्याहून फार वेगाने होतो. १२ ऐवजी साडेदहा व्होल्ट मिळाले तर उजेड साधारण ६४ टक्के, ९ व्होल्ट मिळाले तर ३८ टक्क्यांच्या आसपास.

उपाय स्वस्त आहे. प्रत्येक बैठकीतून १.५ चौरस मिलिमीटरची काळी वायर काढा आणि डिक्कीतल्या एका पक्क्या बोल्टला आणा. बोल्टखालचा रंग नाण्याएवढ्या जागेत पत्रा चमकेपर्यंत काढा. वायरीला थिंबल (टोकाची धातूची कडी) दाबून बसवा, थिंबलखाली दातेरी स्टार वॉशर घाला, बोल्ट आवळा आणि मगच वरून रंग किंवा ग्रीस लावा. आधी ग्रीस आणि मग बोल्ट असं नको. डाव्या-उजव्या दोन्ही बैठका एकमेकींना जोडल्या तर आणखी चांगलं. बॅटरीपासून बॉडीला जाणारी जाड पट्टीही त्याच वेळी बघून घ्या. इतकं करूनही दिवे वेडेवाकडे वागत असतील तर ब्रेक आणि टेलच्या वायरी कुठेतरी एकमेकींना भिडल्या असतील. तेव्हा मात्र जाणकार ऑटो इलेक्ट्रिशियनकडे न्या आणि मीटरचे आकडे कागदावर लिहून सोबत द्या.

प्रश्न : ब्रेक दाबल्यावर दोन्ही बाजूंचे दिवे लागत नाहीत. टेल मात्र लागतात. होल्डर मागवू का? (नाशिक)

दोन्ही होल्डर एकाच दिवशी जात नाहीत. आधी फ्यूज पाहा, मग ब्रेकचा स्विच. या पिढीच्या गाड्यांत तो बहुधा ब्रेकच्या तेलाच्या दाबावर चालतो, म्हणून तो बदलताना हवा शिरते आणि ब्रेक ब्लीड करावे लागतात, म्हणजे ती हवा काढावी लागते. ते मेकॅनिककडूनच करून घ्या.

प्रश्न : बाजारात होल्डर घेताना काय पाहायचं? नाना पेठेत एकाने ‘ओरिजिनल’ म्हणून चकचकीत होल्डर दिला, तो वर्षभरही टिकला नाही. (पुणे)

चकचकीतपणावर जाऊ नका. मागच्या दुहेरी बल्बच्या होल्डरचं मानक नाव बीएवाय १५ डी. १५ म्हणजे टोपीचा १५ मिलिमीटर व्यास. यात बल्बच्या दोन खिळ्या मुद्दाम वर-खाली असतात, म्हणजे बल्ब उलटा बसू नये. इंडिकेटरच्या एकेरी २१ वॅट बल्बचा होल्डर बीए १५ एस, त्यात खिळ्या समान उंचीवर आणि टिकली एकच. तिसरा एक प्रकार, बीए १५ डी, दिसायला पहिल्यासारखाच, दोन टिकल्यांचा, पण खिळ्या समान उंचीवर. दुकानात घाईत हाच हाती पडतो. म्हणून जुना होल्डर आणि चालू बल्ब सोबत न्या, काउंटरवर बल्ब बसवून फिरवून पाहा. सैल हलता कामा नये.

लोहचुंबक खिशात ठेवा. पितळाला तो चिकटत नाही, मुलामा दिलेल्या पत्र्याला चिकटतो. अनेक मूळ होल्डरही पत्र्याचेच होते, त्यामुळे चुंबक चिकटला म्हणजे माल वाईट असं नाही. पण दुकानदार ‘पूर्ण पितळी’ म्हणत असेल आणि चुंबक चिकटत असेल तर तिथून निघा. त्याहून मोठी लबाडी होल्डरला जोडून येणाऱ्या वायरीत असते. तंतू ब्लेडने खरवडा. आत पांढरा निघाला तर ती तांबं चढवलेली ॲल्युमिनियमची वायर आहे. ती ओलसर हवेत दाबलेल्या जोडाशी तुटते. होल्डर चांगला असेल तर घ्या, वायर कापून टाका आणि खऱ्या तांब्याची लावा.

चोर बाजारातून किंवा कुर्ल्याच्या भंगारातून मिळालेला ‘कंपनीचा जुना नवाकोरा’ माल आपोआप चांगला ठरत नाही. तीस-चाळीस वर्षं खोक्यात पडलेल्या हायलमने ओल धरलेली असते, रबर कडक झालेलं असतं. स्प्रिंग आणि चकती दाबून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. कुठला प्रकार लागतो याबद्दल शंका असेल तर तुमच्याच मॉडेलची गाडी वापरणाऱ्या एखाद्या क्लबमधल्या माणसाला फोटो दाखवून मग खरेदी करा.

प्रश्न : अँबेसेडरचा होल्डर रिफ्लेक्टरला रिव्हेट केलेला आहे. रिफ्लेक्टर न बिघडवता तो कसा काढायचा? क्रमाने सांगाल का? (कोल्हापूर)

सांगतो. पण रिफ्लेक्टर दुर्मीळ असेल आणि हाताला ड्रिलची सवय नसेल, तर हे काम करून घ्या. होल्डर मिळतो, फाटलेला रिफ्लेक्टर मिळत नाही.

आधी बॅटरीचं अर्थिंगचं टोक सोडवा. वायरींचे फोटो घ्या आणि प्रत्येकीला चिकटपट्टीवर नाव लिहा. वायरीच्या रंगावर विसंबू नका, चाळीस वर्षांत कोणी ना कोणी हाताला लागेल त्या रंगाचा तुकडा जोडलेला असतोच. काचेच्या स्क्रूंना आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल द्या आणि स्क्रूच्या खाचेत घट्ट बसणाराच पेचकस वापरा. काच ॲक्रिलिकची असते. तिला पेट्रोल किंवा थिनर लागला की बारीक तडे जातात, तेव्हा तेलाचे ओघळही लगेच साबणाच्या पाण्याने पुसा.

होल्डर सोडवण्याआधी मार्कर घेऊन त्याच्या खाचांच्या जागी रिफ्लेक्टरवर खुणा करा. ही पायरी बहुतेक जण विसरतात. खाचांचा कोन बदलला की फिलामेंट फिरतो, आणि होल्डर दोन-तीन मिलिमीटर आत-बाहेर झाला की फिलामेंट रिफ्लेक्टरच्या केंद्रातून सरकतो. बल्ब भरपूर पेटतो, पण मागून पाहणाऱ्याला काचेत एक ठिपकाच दिसतो.

रिव्हेटच्या डोक्याच्या मधोमध सेंटर पंचचा ठसा घ्या, मागे लाकडाचा ठोकळा धरा, ३ मिलिमीटरच्या बिटने सावकाश डोकं कापा. डोकं सुटलं की दांडी पंचने ढकलून काढा. छिन्नी लावू नका, पत्रा वाकतो. काही दिव्यांत रिव्हेटऐवजी पत्र्याचे कान दुमडलेले असतात, ते एकदाच सरळ होतात, दुसऱ्यांदा तुटतात. नवा होल्डर पितळी किंवा स्टेनलेसच्या बारीक स्क्रू-नटाने बसवा, नटाखाली स्टार वॉशर. पॉप रिव्हेट सोपे पडतात खरे, पण ॲल्युमिनियमचे असतात आणि पत्र्याशी संगनमत करून खारट हवेत लवकर गंजतात. रत्नागिरी-मालवणच्या किंवा गोव्याच्या गाडीला ते वापरूच नका.

वायर ब्रेक आणि इंडिकेटरला १ चौरस मिलिमीटर, टेलला ०.७५ पुरते. हाताच्या वितीएवढी जादा ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी दिवा बाहेर ओढून काम करता येईल. पत्र्यातून जाते तिथे भोकात रबरी कडी, म्हणजे ग्रोमेट हवाच. जोड दाबून करायचा आणि वर चिकटद्रव्य असलेली स्लीव्ह गरम करून बसवायची. डाग द्यायचाच (सोल्डर करायचंच) असेल तर राळेचं शिसकथील वापरा. नवसागर किंवा रेडिएटरवाल्याचं ॲसिड विजेच्या जोडाला कधीही नको, ते आतून तार खात राहतं. शिवाय डाग दिलेली वायर डागाच्या कडेला कडक होते आणि हादऱ्याने तिथेच तुटते, म्हणून तिला लगेच पुढे आधार द्या.

रिफ्लेक्टरची चांदी पॉलिशने घासू नका. ती ॲल्युमिनियमची अतिशय पातळ फुंकर असते, एका घासण्यात निघते. सौम्य साबणाचं पाणी आणि ओला कापूस, बस. काच लावण्याआधी टेल, ब्रेक, इंडिकेटर एकत्र लावून वर सांगितलेलं मोजमाप घ्या. होल्डरच्या टिकलीपर्यंत बॅटरीपेक्षा अर्ध्या व्होल्टहून जास्त घट येत असेल तर पुढचा जोड शोधा, आणि तो सापडत नसेल तर काच न बसवताच इलेक्ट्रिशियनकडे जा.

प्रश्न : फ्यूज वारंवार उडत होता. गॅरेजमध्ये ८ ऐवजी १६ चा टाकून दिला, आता ठीक आहे. चालेल ना? (ठाणे)

नाही. आजच काढा. फ्यूज वायरीचं रक्षण करण्यासाठी असतो, आणि आता तुमच्या गाडीत सगळ्यात आधी जळणारी वस्तू फ्यूज नसून वायर आहे. दोन ब्रेक लाइट मिळून साडेतीन अँपिअरच घेतात, मग ८ चा फ्यूज उडतो म्हणजे कुठेतरी सरळ शॉर्ट आहे. होल्डरच्या मागे सुटलेला एखादा तंतू, काचेच्या स्क्रूखाली चेपलेली वायर, आणि डिक्कीच्या बिजागरीजवळ वाकून वाकून सोललेला गुच्छ, या तीन जागा बघा. न सापडल्यास गाडी चालवू नका, इलेक्ट्रिशियनला घरी बोलवा.

प्रश्न : डाव्या बाजूला टेल लाइट भगभगीत आणि ब्रेक दाबल्यावर फरकच पडत नाही. बल्ब योग्य नंबरचाच आहे. (छत्रपती संभाजीनगर)

बल्ब काढून त्याच्या खिळ्या पाहा. एक खिळी कानशीने घासलेली असेल. होल्डर गंजून बल्ब जाईना की काही जण हे करतात, मग बल्ब उलटा बसतो. २१ वॅट टेलवर कायम जळतात आणि ब्रेकला ५ वॅट येतात. उष्णतेने काच वितळते ती वेगळीच. दुसरी शक्यता म्हणजे होल्डरपर्यंत येणाऱ्या दोन वायरींची अदलाबदल. सिगारेटच्या पाकिटातली चांदी टोपीभोवती गुंडाळलेली आढळली तर तीही काढा, ती दोन टिकल्यांवर सरकली की शॉर्ट. बल्ब बदला, होल्डर तपासून घ्या.

प्रश्न : एलईडी बल्ब टाकले तर करंट कमी लागेल, मग गंजलेल्या होल्डरचा प्रश्नच मिटेल ना? विक्रेता तसंच सांगतो. (मुंबई)

विक्रेता दोष झाकायला सांगतो आहे. एलईडीला करंट फार कमी लागतो, त्यामुळे अर्धवट जोडातूनही तो पेटतो आणि गंज आत वाढत राहतो. मग एका पावसात तो एकदम बंद पडतो. त्याआधी मंद होऊन इशाराही देत नाही.

होल्डर आणि अर्थिंग दुरुस्त केल्यावर एलईडी लावण्याला माझा विरोध नाही. उष्णता कमी होते, जुन्या काचा वाचतात, डायनमोवरचा भार हलका होतो. पण लाल काचेमागे लालच एलईडी हवा, पांढरा लावल्यास काच गुलाबट दिसते. ज्याचे दिवे फक्त टोकाकडे आहेत असा नको, बाजूंनीही उजेड पडला पाहिजे, नाहीतर रिफ्लेक्टर उपाशी राहतो. इंडिकेटरला एलईडी लावला की इंडिकेटर लुकलुकवणारा, तापून चालणारा जुना फ्लॅशर काम सोडतो, कारण त्याला दोन २१ वॅट बल्बांचा करंट मिळेनासा होतो. त्यावर उपाय म्हणून करंट मुद्दाम वाढवणारे रेझिस्टर खपवले जातात. ६ ओहमचा रेझिस्टर १२ व्होल्टला २४ वॅट उष्णता फेकतो, आणि तो डिक्कीच्या पुठ्ठ्याला चिकटवलेला असतो. रेझिस्टर नको, एलईडीला चालणारा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर घ्या, आणि तो तुमच्या गाडीच्या अर्थिंगच्या दिशेला (बॉडीला बॅटरीचा निगेटिव्ह जोडलेला आहे की पॉझिटिव्ह) चालतो का हे बसवणाऱ्याला आधी विचारा.

प्रश्न : इंग्लंडमध्ये १९६० च्या दशकातली मॉरिस मायनर आहे. वरच्या पद्धती तशाच लागू होतील का? (लेस्टर)

होतील, पण एक मोठा फरक आहे. त्या काळच्या बहुतेक ब्रिटिश गाड्यांप्रमाणे तुमच्या गाडीत बॅटरीचा पॉझिटिव्ह बॉडीला जोडलेला असण्याची शक्यता आहे. आधी बॅटरी पाहा. तसं असेल तर मीटरच्या टोचण्या उलट लावा. साध्या बल्बला दिशा नसते, एलईडीला असते, त्यामुळे बाजारातला सामान्य एलईडी बल्ब पेटणार नाही. तुमच्याकडे वायरी बहुधा गोळीसारख्या पितळी टोकांनी रबरी नळीत जोडलेल्या असतील. होल्डर दोषी ठरवण्याआधी त्या नळ्यांतली टोकं काढून पाहा, हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेल्या मिठाचं पाणी आधी तिथे पोचतं. मायनरच्या वायरिंगचा नकाशा जवळ असलेल्या स्थानिक जाणकाराला एकदा विचारा.

प्रश्न : गाडी पन्नास वर्षांची झाली. व्हिंटेज नोंदणी करायची आहे. नवे होल्डर लावले तर अडचण येईल का? (नागपूर)

२०२१ च्या नियमांत पन्नास वर्षांहून जुनी आणि चॅसी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार न केलेली गाडी व्हिंटेज धरली आहे. बल्बचा होल्डर त्यात बसत नाही. दिव्यांचा आकार किंवा रंगच बदलणार असाल तर आधी आरटीओत विचारा.

प्रश्न : होल्डर बदलले, पण काचेच्या आत अजून पाणी साचतं. सिलिकॉनने चारी बाजूंनी सील करून टाकू का? आणि हे काम गणपतीनंतर केलं तर चालेल का? (अलिबाग)

दोन्हींना नाही. दिव्याच्या तळाशी एक बारीक भोक असतं, ते पाणी बाहेर जाण्यासाठीच ठेवलेलं आहे. बहुतेक गाड्यांत ते चिखलाने किंवा रंगाने बुजलेलं असतं. तारेने मोकळं करा. सगळीकडून सिलिकॉन भरलं की दिवसा तापलेली हवा रात्री थंड होताना ओल आत ओढते आणि ती बाहेर जायला जागाच उरत नाही. शिवाय आंबट वास येणारं सिलिकॉन वाळताना ॲसिटिक आम्ल सोडतं. तुम्ही नुकताच बसवलेला होल्डर त्या वाफेत राहील.

काचेचं पॅकिंग कडक झालं असेल तर नवं घ्या. तयार मिळत नसेल तर ३ मिलिमीटरच्या बंद छिद्रांच्या रबरी फोमच्या शीटमधून जुन्या पॅकिंगचा नमुना ठेवून कापा. साधा गादीचा फोम नको, तो पाणी शोषून धरतो. स्क्रू आलटून पालटून, पॅकिंग नुकतं दबेल इतकेच आवळा. मग पाइपने दहा मिनिटं पाणी मारा आणि काच उघडून आत कोरड्या टिश्यूने पुसून पाहा. टिश्यू ओला झाला तर पाणी काचेतून नाही, डिक्कीच्या बाजूने वायरीच्या ग्रोमेटमधून येत असेल. ते शोधायला बॉडीचं काम करणारा माणूस लागेल.

गणपतीपर्यंत थांबायचं तर अलिबागेत खाऱ्या वाऱ्यासह पावसाचे तीन महिने मधे आहेत. तोवर गाडी काढणार असाल, तर हे काम पहिल्या सरीच्या आत करून घ्या. ते शक्य नसेल तर बॅटरीचं टोक सोडवून, काच उघडून, बल्ब काढून होल्डर कोरडे करा, ग्रीस लावा, आणि गाडी शेडमध्ये ठेवा.